जमिनीवर बसा, मग ससा येईल

नमस्कार. समोर बरेच आईबाबा बसलेत, काहींच्या मांडीवर मुलंही आहेत, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. ससा आणायचा असेल तर तो मुलासाठी आणू नका, स्वतःसाठी आणा. त्याचं खाणंपिणं, साफसफाई, औषधपाणी सगळं मोठ्यांनी अंगावर घ्यायचं आणि मुलाला त्यात हौसेनं सामील करून घ्यायचं. हे जमणार असेल तर जरूर आणा. फार लोभस प्राणी आहे तो.

मी पशुवैद्य आहे. माझ्याकडे येणाऱ्या पालकांचं बोलणं बहुतेक वेळा एकाच वळणानं जातं. कुत्र्याला फिरवायला वेळ नाही, मांजर ओरबाडेल, मुलानं तर हट्टच धरलाय. त्यापेक्षा ससा बरा. लहानसा, गरीब, कोपऱ्यात पिंजऱ्यात राहील. यातला ‘गरीब’ हा शब्द मला खुपतो. ज्याची शिकार होते तो प्राणी दुखलं-खुपलं तरी सहसा आवाज करत नाही. दुबळेपणा दिसला की शिकारी त्यालाच गाठतो. ससा सोसत असतो आणि आपण त्याला गरीब म्हणतो.

त्याचे डोळे बघा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मागचं, वरचं, जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही तो फक्त नाकासमोरचा छोटासा भाग. आणि मूल हात पुढे करतं तो नेमका तिथेच! नाहीतर वरून पकडायला जातं, घार झेपावल्यासारखं. रानात सशाचे पाय जमिनीवरून सुटतात ते कोणीतरी त्याला पकडून नेत असतं तेव्हा. त्यामुळे उचललं की तो जिवाच्या आकांतानं लाथा झाडतो. मागच्या पायांत ताकद प्रचंड, हाडं मात्र हलकी. सगळा सांगाडा वजनाच्या साधारण 8 टक्के. खालून नीट आधार नसेल तर स्वतःच्याच लाथेच्या झटक्यानं त्याचा कंबरेजवळचा मणका मोडू शकतो.

असा एक पांढरा ससा माझ्याकडे टॉवेलात गुंडाळून आणला होता. मागचे दोन्ही पाय लुळे लोंबत होते. सोबत चार वर्षांचा मुलगा होता. कोणी त्याला रागावलं नव्हतं, तरी तो टॉवेलचं टोक मुठीत घट्ट धरून उभा होता आणि सारखा म्हणत होता, “मी त्याला फक्त जवळ घेतलं.” तो ससा वाचला नाही. मुलाची काही चूक नव्हती. किती जोरात धरायचं याचा अंदाज त्या वयाच्या हातांना नसतोच. तो अंदाज आपल्याला हवा.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते: सहा-सात वर्षांचं होईपर्यंत मुलानं ससा उचलायचा नाही. कान धरून तर कोणीच उचलायचा नाही. त्याला उताणं केलं की तो निपचित पडतो. लोकांना वाटतं, लाडात आलाय. तो भीतीनं गारठलेला असतो.

मग मुलानं करायचं काय? जमिनीवर बसायचं. पाय पसरून, पाठ भिंतीला टेकवून, हातात कोथिंबिरीची एक काडी धरून. बोलायचं असेल तर हळू आवाजात. पहिल्या दिवशी ससा येणार नाही, तिसऱ्या दिवशीही कदाचित नाही. मग एकदा तो मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून, काडीचं टोक हुंगेल. आणखी काही दिवसांनी मुलाच्या पायावरून उडी मारून जाईल आणि गुडघ्याला हनुवटी घासेल. हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास तो तिथे लावत असतो. ‘हे माझ्या ओळखीचं’ म्हणायची त्याची ही रीत. मग कपाळावरून दोन बोटं फिरवू देतो, दात हलकेच कुरकुरवतो. आनंदात आला की हवेत उडी घेऊन अंगाला असा काही झटका देतो की मूल टाळ्या पिटतं. हे सगळं पहाटे नाहीतर संध्याकाळी. दुपारी तो झोपलेला असतो, त्याला झोपू द्या.

आता खाणं. चित्रातला ससा गाजर खातो, म्हणून घराघरांत त्याला गाजर मिळतं. गाजरात साखर असते. एखादा लहान तुकडा, तोही कधीमधी. त्याचं खरं जेवण म्हणजे वाळलेलं गवत, दिवसभर, हवं तेवढं. आहाराचा चार-पंचमांशाहून जास्त भाग गवतच असायला हवा. त्याचे दात जन्मभर वाढतात, पटाशीचे तर आठवड्याला 2 मिलीमीटरच्या आसपास. गवत चावून चावूनच ते झिजतात. पोटाचं यंत्रही गवतावरच चालतं. तो स्वतःच्या मऊ लेंड्या परत खातो हे बघून मुलं नाक मुरडतात, पण त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, खाऊ द्या.

एकटा ससा झुरतो. जोडी आणा, पण दोघांची नसबंदी करून. लहान पिल्लांत नर-मादी ओळखण्यात चूक होते आणि मादी 31 दिवसांत विते. मादीला वय वाढल्यावर गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो, त्यासाठीही शस्त्रक्रिया हवीच. विजेच्या तारा उचलून ठेवा, तो कुरतडतोच. उन्हापासून जपा, त्याला घाम येत नाही. आंघोळ घालू नका. आणि हिशेब मांडा: ससा 8 ते 12 वर्षं जगतो. आज पाच वर्षांची असलेली मुलगी तेव्हा पंधरा-सोळाची असेल, परीक्षेच्या गडबडीत. तेव्हाही गवत घालायला तुम्हीच असणार.

मुलाला एक काम मात्र खरोखर सोपवता येतं: लेंड्यांवर लक्ष ठेवायचं. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे गोल, कोरड्या लेंड्या टाकतो. त्या बारीक झाल्या, थांबल्या, किंवा ससा 12 तास काही खाल्ल्याविना राहिला, तर उद्यावर ढकलू नका. पोटाची हालचाल थांबली की तो दगावायला वेळ लागत नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरात हे काम पाच वर्षांच्या मुलीकडे होतं. एका संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, “आज लेंड्याच नाहीत.” ससा नेहमीसारखाच बसलेला दिसत होता, तरी आई त्याला तासाभरात माझ्याकडे घेऊन आली. सलाईन, वेदनाशामक, सिरिंजनं थोडं थोडं पातळ खाणं, असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आईच्या फोनवरून ती मुलगीच बोलत होती. नमस्कार नाही, काही नाही, एवढंच म्हणाली, “सतरा.”