पाकीट उलटून बघा

कॉफीचं पाकीट हातात घेतलं की आपण आधी किंमत बघतो, मग एक्स्पायरी. आज त्यावरचं चिन्हही बघू या. काळ्या चौकटीत निळा नि हिरवा रंग, मधोमध हात उंचावलेल्या माणसासारखी आकृती. हे फेअरट्रेडचं, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देण्याच्या अटींवर घेतलेल्या मालाचं चिन्ह.

चिन्हाशेजारी छोटा बाण दिसतोय? मग पाकीट उलटं करा, मागे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असणार. चहा, कोको, साखर, फळांचा रस यांच्या बाबतीत तिथे बरेचदा 'मास बॅलन्स' असं असतं. म्हणजे कंपनीने फेअरट्रेडच्या अटींवर जेवढा माल घेतला, त्या हिशेबातच ती या चिन्हाखाली माल विकते. पण कारखान्यात तो इतर मालात मिसळलेला असू शकतो. तुमच्या चॉकलेटमधला कोको नेमका त्याच शेतकऱ्याचा असेल, असं नाही. काहींना ही चलाखी वाटते. मला तसं वाटत नाही, कारण शेतकऱ्याचे पैसे त्याच्याकडे पोचलेले असतात. फक्त हे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात सांगायला हवं होतं.

आता पैशाचं बोलू. अशा चिन्हाची सुरुवात १९८८ साली नेदरलँड्समध्ये झाली, मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या कॉफीपासून. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत, म्हणजे भाव टिकावा म्हणून देशादेशाच्या निर्यातीवर घातलेली मर्यादा, मोडली आणि भाव गडगडले. हमीभाव कशाला हवा, हे तेव्हा निराळं सांगावं लागलं नाही. २०२३ मध्ये धुतलेल्या अरेबिकाचा (कॉफीचा एक प्रकार) फेअरट्रेडचा किमान भाव एका पौंड वजनाला १ डॉलर ८० सेंट ठरला. बाजार त्याखाली गेला तरी एवढा मिळणारच, वर गेला तर बाजारभाव. शिवाय पौंडामागे २० सेंट जादा. ते कुठे खर्चायचे, हे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे सभासद मत देऊन ठरवतात.

(पडद्यावर: गावातला बाजाररस्ता)

हे इंग्लंडमधलं गार्स्टँग. ब्रूस क्राउदर या पशुवैद्याने आणि ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या तिथल्या गटाने, फेअरट्रेडचा माल ठेवा, वापरा म्हणून दुकानदार, शाळा, चर्च यांच्याकडे कितीतरी खेटे घातले. दाद मिळेना. शेवटी त्यांनी सगळ्यांना जेवायलाच बोलावलं. पानात फेअरट्रेडचा माल, सोबत आसपासच्या शेतातला. तिथले दूधवाले शेतकरीही भाव मिळत नाही म्हणून वैतागलेले होते, त्यामुळे रास्त भावाचा विषय कुणाला परका वाटला नाही. एप्रिल २००० मध्ये सभेत ठराव झाला आणि गार्स्टँग जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव ठरलं. आज अशी २,०००हून जास्त गावं-शहरं आहेत.

आपण एकट्याने महिन्याला एखादं पाकीट घेतो. ऑफिसची पँट्री, शाळेचं कँटीन, मंडळाच्या बैठकीतला चहा इथे मात्र माल किलोंनी लागतो, आणि खरेदी कुणीतरी एकच जण करत असतो. त्याला गाठा.

हस्तकलेच्या वस्तूंवर चिन्ह नसेल, तर विक्रेत्याला एवढंच विचारा, 'कारागिरांना आगाऊ रक्कम देता का?' जागतिक फेअर ट्रेड संघटनेचा नियम असा की, कारागिराने मागितल्यास किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आधी द्यायची. हा व्यवहार खरोखर करणारा विक्रेता लगेच उत्तर देतो.

दुकानदार म्हणेल, 'असलं कुणी मागत नाही हो.' पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. माल आला, की मात्र घ्या. धूळ खात पडलेलं पाकीट तो दुसऱ्यांदा मागवणार नाही.