लाल्या

(दृश्य: तापीकाठचं कपाशीचं शेत, ऑक्टोबरची सकाळ)

परवापर्यंत हिरवंगार दिसणारं शेत आज बांधावरून लालसर दिसतंय. कैऱ्या, म्हणजे कपाशीची हिरवी बोंडं, भरायला लागल्यात, दिवाळी तोंडावर आलीय आणि नेमकं आत्ताच पान फिरलं. चोपडा असो, पारोळा असो की शहादा, खानदेशात याला एकच नाव: लाल्या.

'लाल' हा शब्द फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ माणिक. आपला जुना शब्द तांबडा, तांब्यावरून पडलेला. गव्हावरचा तांबेरा त्याच घरातला. शेतकऱ्यानं दोन्ही नावं डोळ्यांना दिसलं त्यावरून ठेवली. पण तांबेरा बुरशीमुळे येतो, वाऱ्याबरोबर पसरतो. लाल्याला ना बुरशी, ना जंतू. ही झाडाची उपासमार आहे.

बोंडं भरताना झाड पानांतलं नत्र (नायट्रोजन) काढून बोंडांना देतं. जमिनीत नत्र किंवा मॅग्नेशियम कमी, त्यात पावसाचा खंड, नाहीतर काळ्या रानात मुळाशी तुंबलेलं पाणी. मग पानातलं हरितद्रव्य टिकत नाही. रात्री गार पडू लागल्या की अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य पानात साठतं. बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या जनुकबदल वाणांवर एकदम भरपूर बोंडं लागतात, त्यामुळे तिथे ही ओढाताण जास्तच.

(दृश्य: पान अगदी जवळून)

हे खालचं, जुनं पान बघा. शिरा हिरव्या, मधला भाग लाल. ही मॅग्नेशियमची कमतरता.

आता हे दुसरं. कडा खाली मुरडलेल्या, लालसर. पान उलटवलं की पाठीमागे फिकट हिरवे, तिरके चालणारे किडे दिसतात. हे तुडतुडे, रस शोषणारे. गावात यालाही लाल्याच म्हणतात, आणि खरा घोळ इथेच होतो. उपाशी झाडावर कीटकनाशक मारलं जातं. औषधाचे पैसे जातात, मजुरी जाते, झाड उपाशीच राहतं. म्हणून पंप पाठीवर घेण्याआधी पान उलटवून बघाच.

तुडतुडे नसतील तर दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. नत्रासाठी २ टक्के युरिया किंवा डीएपी हे दाणेदार खत. डीएपी रात्री भिजवायचं, सकाळी वरची निवळी गाळून घ्यायची. पूर्ण लाल झालेलं पान मात्र पुन्हा हिरवं होत नाही. त्यामुळे ही फवारणी पाते (कळ्या) आणि फुलं लागतानाच सुरू करायची.