चढावरचे १७८ ठोके

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकतो. मी वर्गात हृदय कसं चालतं ते शिकवतो, आणि दोन वर्षांपूर्वी एका चढाच्या मध्यावर घड्याळातला आकडा बघून माझीच पाचावर धारण बसली होती.

मनगट दुखावल्यामुळे सहा आठवडे सायकल भिंतीला टेकून होती. त्याआधी तो चढ मी आठवड्यातून दोनदा चढायचो. तीन किलोमीटर लांबी, ताशी दहाचा वेग, आणि ठोके १५० च्या आसपास. त्या दिवशी तोच चढ, तोच वेग, आणि अर्ध्यावर घड्याळ म्हणालं १७८. एक पाय खाली टेकला, दोन बोटं गळ्याशी लावली आणि पंधरा सेकंद मोजलं. चव्वेचाळीस. म्हणजे मिनिटाला १७६. घड्याळ खरं बोलत होतं.

हे तपासणं महत्त्वाचं आहे, कारण मनगटावरची घड्याळं सायकलवर बऱ्याचदा थापा मारतात. ती हिरवा प्रकाश त्वचेत सोडतात आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून ठोके ओळखतात. हँडल घट्ट धरलं, मनगट वाकलं, रस्ता खडबडीत असला की त्यांचा गोंधळ उडतो. छातीचा पट्टा हृदयाची विद्युतलहर थेट टिपतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. पण पट्टा नसेल तर दोन बोटं सगळ्यांकडेच असतात.

आता हिशोब करू. स्नायूंना मिनिटाला किती रक्त मिळतं? एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त गुणिले ठोक्यांची संख्या. समजा त्या चढाला मिनिटाला १८ लिटर रक्त लागतं. सरावात असताना एका ठोक्याला १२० मिलिलिटर बाहेर पडत असेल, तर १५० ठोक्यांत काम भागतं. खंड पडल्यावर तेच १०५ वर आलं, तर १८ लिटरसाठी १७१ ठोके लागतील. चढ तोच आहे, त्याला लागणारं रक्तही जवळपास तेवढंच आहे. बादली लहान झाली, म्हणून खेपा वाढल्या.

पण बादली लहान का झाली? इथे बहुतेकांना वाटतं की हृदयाचा स्नायू ढिला पडला. लांबच्या खंडात हृदयाच्या भिंतीही थोड्या पातळ होतात, ते खरं. पण पहिल्या काही आठवड्यांत मुख्य घट होते ती रक्तातल्या पाण्याची, म्हणजे प्लाझ्माची. नियमित दमसास लागणारा व्यायाम करणारं शरीर जास्तीचा प्लाझ्मा बाळगून असतं. व्यायाम थांबला की काही दिवसांतच ते हा साठा सोडून द्यायला लागतं. एवढं पाणी कशाला वागवायचं, असा त्याचा रोकडा विचार. मग हृदयाकडे परतणारं रक्त कमी, हृदय कमी भरतं, आणि कमी भरलेलं हृदय कमीच बाहेर टाकणार.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. व्यायामशास्त्राचे संशोधक एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. कसलेल्या माणसांचा सराव दोन ते चार आठवडे बंद ठेवला. रक्ताचं एकूण प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी उतरलं, एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त सुमारे १२ टक्क्यांनी घटलं आणि ठोके सुमारे ११ टक्क्यांनी वाढले. मग त्यांनी शिरेतून डेक्स्ट्रानचं, म्हणजे रक्तात पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाचं, द्रावण देऊन रक्ताचं प्रमाण पूर्वीइतकं केलं. सराव अजून बंदच होता, तरी ठोक्यामागचं रक्त जवळजवळ पूर्ववत झालं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण हृदयावरचा आळ त्याने एका सलाईनमध्ये पुसून टाकला.

खंड अंथरुणात गेला असेल तर मात्र गोष्ट जास्त कडक होते. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला लावलं, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. त्याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघाली! आजारपणातून उठून पहिल्याच रविवारी चढाला लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग हे चढावरच का जाणवतं, सपाटीवर का नाही? सपाटीवर तुम्ही नकळत स्वतःला सवलत देता. पेडल थांबवता, वेग दोनने उतरवता, सायकल आपली चालत राहते. सायकलसकट ८० किलो वजन धरलं, तर वारा नसताना ताशी २० च्या वेगाला सपाटीवर ७०-८० वॅट पुरतात. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी दहालाच १४० ते १५० वॅट लागतात आणि त्यातले १३० नुसते गुरुत्वाकर्षणाला द्यायचे. पेडल थांबवलं की सायकल थांबली. हळू जावं म्हटलं तर एका मर्यादेखाली तोल जातो. म्हणजे चढ तुमच्याकडून एक किमान वसुली करतोच, आणि ती तुमच्या सध्याच्या कुवतीपेक्षा जास्त असली तर ठोके वर जाणारच. यावरचा इलाज यंत्रातला आहे: मागे मोठं दातेरी चक्र बसवा. सगळ्यात हलका गिअर असणं यात कमीपणा कसला? माझ्याकडे तो नव्हता, हौसेपायी काढून टाकला होता.

हिशोबाने १७१ आले, घड्याळात १७८ होते. वरचे सात कुठले? चढावर वेग कमी, म्हणून वारा लागत नाही, अंग तापतं, आणि थोडं रक्त त्वचेकडे वळतं. आदल्या रात्रीची झोप अर्धवट होती, सकाळी दोन कप कॉफी झाली होती. आणि आकडा बघून मी घाबरलो, त्याचेही दोन-तीन धरा.

‘२२० वजा वय’ म्हणजे तुमचे कमाल ठोके, हे सूत्र इथे कोणीतरी विचारणारच. ते सरासरीचं सूत्र आहे. त्याच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरक सहज असतो. त्यामुळे सूत्राची रेघ ओलांडली म्हणजे संकट, असं नाही. मी त्यापेक्षा थांबल्यावर काय होतं ते बघतो. पहिल्या मिनिटात माझे ठोके १७८ वरून १४१ वर आले आणि जीव भांड्यात पडला. थांबल्यावर मिनिटभरात बारासुद्धा उतरत नसतील, तर मात्र डॉक्टरांना सांगावं.

काही गोष्टी सरावाच्या खात्यात टाकूच नयेत. छातीत दाब किंवा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध हरपणं, ठोक्यांची लय विस्कटणं. चढ तोच असताना ठोके १४० वरून एकदम २०० च्या पुढे उडी मारतात आणि तसेच एकदम खाली येतात, तेही यातच. असं झालं तर उतरा, आणि परत चढण्याआधी तपासून घ्या. अंगात ताप असताना सायकल नकोच. विश्रांतीतही ठोके नेहमीपेक्षा वाढलेले राहत असतील तर रक्तक्षय आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद केल्या तरी ठोके उसळतात, आणि ते धोक्याचं असतं.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: ‘मग चढाआधी भरपूर पाणी प्यायलं तर बादली भरेल का?’ प्रश्न झकास आहे. उत्तर, नाही. प्यालेलं जादा पाणी मूत्रपिंडं तासा-दोन तासांत बाहेर काढतात. ते रक्तात धरून ठेवायला मीठ लागतं आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लागतं, आणि ते राखून ठेवण्याची आज्ञा शरीर व्यायाम झाल्यावर देतं. म्हणूनच हा साठा परतही लवकर येतो, हलक्या सरावाच्या एक-दोन आठवड्यांत बराचसा. स्नायूंच्या आतली यंत्रणा मात्र आठवडे घेते. मी दर दोन-तीन दिवसांनी सपाटीवर, गप्पा मारता येतील इतक्याच जोराने, पाऊण तास चालवत राहिलो. अकराव्या दिवशी त्याच चढावर, त्याच वेगाला घड्याळाने १६३ दाखवले. आणि हो, तोवर मोठं दातेरी चक्रही परत बसवलं होतं.