मसूर स्टेशनवर आपण कुठे होतो?

नमस्कार मंडळी.

आमच्या घरात सध्या एका पुस्तकावरून वाद चालू आहे. नातीने वाचनालयातून 'भीमायन' आणलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं, बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या प्रसंगांवरचं, २०११ सालचं ग्राफिक नॉव्हेल. त्यात १९०१ सालचं मसूर स्टेशन आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुलं तिथे उतरतात, न्यायला कोणी आलेलं नसतं, आणि जात कळताच एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी भाडं दुप्पट ठरतं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. जवळ फराळ आहे, पण रस्त्यात पाणी कोणी देत नाही, म्हणून रात्र उपाशी काढायची.

नातीने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आजोबा, तिथे आपल्या घरातलं कोणी असतं, तर त्यांनी गाडी दिली असती?"

मुलगा म्हणाला, एवढ्या लहान मुलीला हे कशाला? सून म्हणाली, स्टेशनवर उभा असलेला भीम तिच्याहूनही लहान होता. मी सुनेच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आपणही हे शाळेत शिकलो. लहानपणी त्यांना अस्पृश्यतेचे चटके सोसावे लागले, असं एक वाक्य पाठ केलं आणि मार्क मिळवले. आपण त्या वाक्यात कुठे बसतो, हे मला कोणी विचारलं नाही, मीही कोणाला विचारलं नाही. नातीने मला चित्रं दाखवली. ज्यांना दुखावलं जातंय त्यांच्या बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे आहेत, आणि जे टोचून बोलतात त्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. पानाला चौकटी नाहीत, कारण माणसांना डब्यात कोंबायचं नाही असं चित्रकारांनी ठरवलं होतं. अशा पानावर वाचणारा बाहेर उभा राहू शकत नाही. नांगी कोणाच्या बोलण्याला आहे हे दिसलं, की आपल्या घरातलं बोलणं आठवतंच.

चित्रांतून इतिहास आपल्याला नवा नाही. सुट्टीत भावंडांमध्ये फिरून कव्हर गळून पडलेली अमर चित्रकथा इथे बसलेल्या प्रत्येकाने वाचली आहे, आणि त्या ऋणातून मी मोकळा होऊ इच्छित नाही. पण तिथे आपण थोरांच्या गोष्टी वाचायचो. ही नवी पुस्तकं घरातल्या माणसाच्या तोंडून बोलतात. अमेरिकन अभिनेते जॉर्ज टाकेई यांचं स्वतःच्या बालपणावरचं २०१९ सालचं चित्रपुस्तक घ्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सरकारी आदेशानंतर अमेरिकेत सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. पुस्तकात एक छोटा मुलगा आहे, म्हणजे टाकेईच, त्याला वडिलांनी सांगितलंय की आपण मोठ्या सुट्टीला चाललोय. तो मजेत आहे. वाचणाऱ्याला मात्र आईचे डोळे दिसतात. एक लाख वीस हजार हा आकडा मुलं विसरतील, ती आई विसरणार नाहीत.

आता थोडं रागावतो, वयाचा मान ठेवून ऐकून घ्या. शिवजयंतीला आपण मुलांना फेटे बांधतो, हातात तलवार देतो. जरूर द्या. पण महाराष्ट्रातून इकडे आलेल्या आई-वडिलांना आपण पहिल्या रांगेत बसवतो, शाल देतो आणि विचारत काहीच नाही. याच सभागृहात ४८ साली गांधीहत्येनंतर वाडा जळताना पाहिलेले आहेत. पानशेतच्या पुरात घर गेलेले आहेत. ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी गाव सोडलेले, ८२ च्या संपात बाहेर पडून गिरणीत परत न गेलेल्यांची मुलं आहेत. मुलांच्या हातात पेन्सिल द्या आणि त्यांना या लोकांसमोर बसवा. आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात त्यासाठी पानं ठेवा, एवढीच माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

पण काळजी पुढेच आहे. आपल्यावर अन्याय झाला ती गोष्ट प्रत्येक घर आनंदाने देईल. आपण गाडी नाकारली ती गोष्ट कोण देणार?

आर्ट स्पिगलमन या अमेरिकन चित्रकाराने वडिलांची कहाणी 'माउस' या ग्राफिक नॉव्हेलमध्ये काढली, त्याला १९९२ साली विशेष पुलित्झर मिळालं. वडील आउशवित्सच्या नाझी छळछावणीतून वाचलेले. त्याच वडिलांनी पत्नीच्या डायऱ्या जाळून टाकल्या, हे मुलाने लिहिलं. स्पिगलमन यांच्या बायकोने वाटेत एका कृष्णवर्णीय माणसाला गाडीत घेतलं तेव्हा याच वडिलांचा संताप झाला, तेही काढलं. ज्याने एवढं सोसलं तो माणूसही दुसऱ्याला गाडीत बसू देत नाही! मुलाचं वडिलांवर प्रेम नव्हतं असं ते पुस्तक वाचून कोणी म्हणणार नाही.

नातीला मी खरं ते सांगितलं: बहुतेक दिली नसती. माझ्या आजोळी परड्यात वेगळा पेला होता, हे मी पाहिलंय. मुलाला ते आवडलं नाही. हे आपलं आपल्यात राहू दे, असं त्याचं म्हणणं आहे. अंकासाठी नात ते चित्र काढायला बसली आहे. ते छापायचं की नाही, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. आणि छापलं, तर ज्यांच्या आजोबांना त्या पेल्यातून पाणी प्यावं लागलं तेही याच मंडळाचे सभासद आहेत. ते पान उघडून आम्ही एकमेकांशी काय बोलू, मला सांगता येत नाही.