पाच लाखांची धास्ती

[दृश्य : संध्याकाळचा शरणपूर रोड. रिक्षा, हॉर्न, सिग्नलवरची गर्दी. आवाज हळूहळू खाली.]

निवेदन :
१९७२ साल. अमेरिकेतलं आयोवा राज्य. मक्याची शेती भरपूर, सिनेमाचा धंदा नावापुरताच. तिथं डोनाल्ड थॉम्पसन हा दिग्दर्शक आणि रसेल डाउटन हा निर्माता, अशा दोघांनी मिळून एक थरारपट काढला. खर्च साधारण ६८ हजार डॉलर. तेव्हाच्या भावानं पाच लाख रुपयांच्या आसपास. नाव 'अ थीफ इन द नाइट'. 'रात्री चोर यावा तसा प्रभूचा दिवस येईल', हे बायबलमधलं पौलाचं वचन. नाव तिथलंच. गोष्ट अशी, की एके दिवशी विश्वासणारी माणसं एकाएकी वर स्वर्गात उचलली जातात, आणि बाकीची मागे राहतात.

मोठ्या थिएटरांच्या वाटेला हा सिनेमा फारसा गेलाच नाही. १६ एमएमची रिळं चर्चच्या हॉलमधून, तळघरांतून फिरली. सिनेमा संपला की पाळक उभे राहणार, प्रार्थना होणार. तिकडे लहानपणी तो पाहिलेली कितीतरी माणसं आजही सांगतात, की शाळेतून घरी आलो, आई हाकेला ओ देईना, आणि पाय लटपटले. सगळे वर गेले, मी एकटाच राहिलो!

हा सिनेमा आम्ही नाशिकमध्ये दाखवला. शरणपूर रोडजवळचा छोटा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भाड्याचा प्रोजेक्टर, खाली आम्हीच केलेल्या मराठी ओळी. चर्चला जाणारी कुटुंबं होती, कॉलेजची पोरं होती, पंचवटीतून आलेली मंडळी होती, आणि फुकट सिनेमा म्हणून डोकावलेलेही होते. कॅमेरा आम्ही पडद्याकडे लावलाच नाही. तो लोकांकडे वळवला होता.

[दृश्य : अंधारात उजळलेले चेहरे. कुणीतरी हसतंय.]

निवेदन :
पहिली वीसेक मिनिटं हॉल नुसता हसत होता. बेलबॉटम, कल्ले, पाठ करून म्हटल्यासारखे संवाद. "गॅदरिंगला आमची पोरं याहून बरं करतात," मागून एक आवाज. नायिका पॅटीच्या नवऱ्याला, जिमला, नाग चावतो तेव्हा तर बहारच झाली. सिन्नरकडचे एक शेतकरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "असा धरतात का नाग? हा मरणारच." दवाखान्यात जिमसाठी रक्ताची धावपळ सुरू झाली, तर पलीकडून लगेच सल्ला आला : "अरे, सिव्हिलला न्या, लस टोचा!" थरारपट बघताना माणसं पडद्याला सल्ले द्यायला लागली, की दिग्दर्शकानं समजून घ्यावं. एक तर सिनेमा हातातून गेलाय, नाहीतर लोक त्यात शिरलेत. इथं नक्की काय झालंय, ते आम्हालाही तेव्हा कळेना.

मग तो प्रसंग आला. पॅटी सकाळी उठते. रेडिओवर बातमी चालू आहे, जगभरातून लाखो माणसं एकाएकी नाहीशी झालीत. ती नवऱ्याला हाक मारत बाथरूमकडे जाते. नवरा नाही. बेसिनमध्ये त्याचा दाढीचा इलेक्ट्रिक रेझर पडलाय, आणि तो चालूच आहे.

बस, एवढंच. ना ढग फाटले, ना देवदूत उतरले. पाच लाखांत देवदूत परवडणार तरी कुठून? पण हॉलमधलं हसू तिथं थांबलं. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारच्या मुलाचा दंड पकडला, तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. मुलगा चांगला मिसरूड फुटलेला. त्यानंही सोडवून घेतला नाही.

[दृश्य : त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरीचा डोंगर. मग पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक.]

निवेदन :
थोडक्या पैशात श्रद्धेचा सिनेमा काढायची गोष्ट नाशिकला कुणी नव्यानं सांगायला नको. दादासाहेब फाळके १८७० साली इथं, त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर येशू दिसत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभे राहिले. मग विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढं १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली ती नाशिकलाच.

फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये राम पडद्यावर आला की लोक पायताणं काढून हात जोडायचे, असं सांगतात. १९७५ सालच्या 'जय संतोषी माँ'च्या वेळी तर तसं वागलेली माणसं अजून आपल्या घरात आहेत. आमच्या हॉलमध्ये बसलेल्या एक आजी त्यातल्याच.

[दृश्य : आजी, हातात चहाचा कागदी कप.]

आजी : "चप्पल बाहेर काढूनच आत गेले होते. शुक्रवारचा उपास होता ना. पडद्यावर पैसे उडवायचे लोक. आता हे तुमचं बघितलं, तर हात जोडू कुणाला? देव कुठाय यात?"

निवेदन :
आजींनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. आपले भक्तिपट दर्शन देतात. देव प्रकटतो, संकट टळतं, पेढे वाटून घरी जायचं. या सिनेमात देव दिसतच नाही. दिसतात ती गेलेली माणसं. म्हणजे त्यांच्या रिकाम्या जागा. हात जोडायला समोर काही नसलं, की बघणारा आपल्याच घरात शोधायला लागतो. आमच्याकडं असं झालं तर कोण जाईल, कोण राहील? मध्यंतरात चहा घेताना घरोघरच्या याद्याच सुरू झाल्या होत्या. नवरे बहुतेक राहणाऱ्यांत.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. शरणपूर ही वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिशनऱ्यांनी वसवली, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथल्या शाळेत शिकून गेली. तिथल्या जुन्या कुटुंबातले एक निवृत्त शिक्षक बराच वेळ गप्प होते. मग बोलले.

शिक्षक : "प्रभू येणार, न्याय करणार, हे आम्ही उपासनेत म्हणतोच. पण निम्मं घर गुपचूप उचललं जाणार आणि निम्मं मागे राहणार, हे आमच्या वडिलांनी कधी सांगितलं नाही. आणि भ्यायलेल्या माणसाला कुठलाही कागद पुढं केला तरी तो सही करतो. त्याला विश्वास म्हणायचं का?"

निवेदन :
सरांचं बरोबर आहे. आधी विश्वासणारे उचलले जातील आणि मग जगावर संकटांची वर्षं येतील, ही मांडणी पसरवली ती मुख्यतः जॉन नेल्सन डार्बी या एकोणिसाव्या शतकातल्या धर्मोपदेशकानं. अमेरिकेत ती फोफावली. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेत तिला तशी जागा नाही. पण सरांचं बोलणं संपतं न संपतं तोच पंचवटीतला एक तरुण उठला. त्याच्या घरी रामकुंडावर दशक्रियेची कामं चालतात.

तरुण : "सर, आमच्याकडे माणूस गेला की घरात गरुडपुराण लावतात. त्यातल्या शिक्षा ऐकल्यात का? तापलेलं तेल, किडे, काय काय. भीती सगळ्यांच्याच दुकानात आहे. यांनी फक्त तिच्यावर कॅमेरा लावला."

हॉल हसला. सरही हसले, पण मान हलवली नाही.

[दृश्य : पडद्यावर हात पुढं करून उभी माणसं. प्रेक्षकांतली एक बाई स्वतःचा अंगठा बघतेय.]

निवेदन :
उत्तरार्धात नवं सरकार येतं. कपाळावर किंवा हातावर खूण करून घ्या, नाहीतर काही विकत मिळणार नाही. बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातली ही श्वापदाची, म्हणजे सैतानी राज्याची, खूण. व्हॅन घेऊन माणसं पाठलागाला निघतात. मला विचाराल तर हा भाग लांबलाय. पाठलागाला पैसे लागतात, आणि ते नव्हते हे प्रत्येक वळणावर दिसतं. पण धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंना रेझरपेक्षा हाच भाग जास्त लागला.

ताई : "रेशनला मशीनवर अंगठा उमटत नाही माझा. साबणानं रेघाच गेल्यात. चार-चार वेळा पुसून लावायचा. नाही लागला तर उद्या या. ती पोरगी पळत होती ना, मला वाटलं, हिचाही उमटला नसेल."

निवेदन :
आयोवात ही कथा लिहिणाऱ्यांच्या मनात तर ताईंचं रेशन दुकान येणं शक्यच नव्हतं. त्यांना सैतानाचं राज्य दाखवायचं होतं. ताईंना त्यात उद्याची चक्कर दिसली. धर्माच्या बाजूनं हे चुकीचं वाचन असेल, पण त्या संध्याकाळी मला हेच सगळ्यांत खरं वाटलं.

शेवट मात्र कुणालाच आवडला नाही. सगळं स्वप्न होतं असं वाटून पॅटी जागी होते, आणि रेडिओवर तीच बातमी. "म्हणजे दोनदा फसवलं," असं कॉलेजच्या पोरांचं मत. त्यांचा मोर्चा एव्हाना वेगळीकडेच वळला होता. आपण नाशिकमध्ये काढू की असा! मोबाइलवर, एका फ्लॅटमध्ये. ख्रिस्ती नको, हिंदू नको, नुसती माणसं गेली. पण इथं काय चालू राहील? तसला इलेक्ट्रिक रेझर काही आपल्याकडं घरोघरी नसतो.

मिक्सर, एक जण म्हणाला. लाइट गेली की संपलं, दुसऱ्यानं उडवून लावलं. मग गॅसवर ठेवलेलं दूध ठरलं. रिकामं स्वयंपाकघर, कुणी नाही, आणि दूध वर येतंय. शॉट एकाच दमात घ्यायचा, कारण रिटेक म्हणजे दुसरं लिटर. पोरांनी तिथल्या तिथं हिशोब मांडला आणि निम्मं पाणी घालायचं ठरवलं.

आजींनी कप खाली ठेवला. "पाणी घातलेलं साय धरत नाही नीट. म्हशीचं आणा, आणि भांडं लहान घ्या."