मागची साधी गाडी तुमचा वेग मोजते कसा?

नमस्कार मंडळी! ना टपावर दिवा, ना अंगावर पट्टे, अशी पोलिसांची गाडी ओळखायची कशी, याच्या टिप्स ढिगाने मिळतात: ग्रिलच्या आत बारीक दिवे, जास्तीची अँटेना, आत दोन आरसे वगैरे. पण १२०च्या वेगात मागच्या गाडीच्या ग्रिलमध्ये डोकावत बसायचा उद्योग मी तरी सुचवणार नाही. आपण बघू, ती गाडी वेग मोजते कसा आणि आकडा नेमका कुठे चुकतो.

सगळ्यात साधी पद्धत म्हणजे पेसिंग. मागे लागायचं, अंतर कायम ठेवायचं आणि आपलाच तपासून घेतलेला स्पीडोमीटर वाचायचा. यात कुठलीही लहर बाहेर पडत नाही, त्यामुळे पोलिसांच्या रडारची चाहूल देणारा रडार डिटेक्टर गप्पच बसतो. गोम आहे ती ‘अंतर कायम’ या दोन शब्दांत.

[स्क्रीनवर: दोन गाड्या, आधी १०० मीटर, नंतर ५० मीटर]

समजा, तुम्ही ५०० मीटर गेलात. सुरुवातीला पोलिसांची गाडी १०० मीटर मागे होती, शेवटी ५० मीटर. म्हणजे तेवढ्याच वेळात ती ५५० मीटर धावली. तुमचा वेग १००, तर तिचा सरासरी ११०. हे दहा तुमचे नाहीत, तिने अंतर तोडलं त्याचे आहेत. उलट अंतर वाढत गेलं, तर आकडा तुमच्याच फायद्याचा. व्हिडिओ रेकॉर्डिंग असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये तुमची नंबरप्लेट किती रुंद दिसते ते ताडून बघता येतं. शेवटी जास्त रुंद दिसली, म्हणजे गाडी जवळ आली. मात्र मधे कॅमेऱ्याचा झूम बदलला असेल, तर ही तुलना बाद.

दुसरी भानगड पोलिसांच्या गाडीच्या टायरची. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल, झिजून १.६ वर आली की व्यास जवळजवळ १३ मिलिमीटरने घटतो. ६३० मिलिमीटरच्या चाकात हे झाले दोन टक्के. लहान चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फिरतं आणि मीटर जास्त वेग दाखवतो. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरची अचूकता तपासणी, झालं तेव्हा कोणते टायर होते, हा प्रश्न फालतू नाही.

काही गाड्यांत अंतर आणि वेळ मोजून सरासरी काढणारं यंत्र असतं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्याला व्हॅस्कर म्हणतात. २५० मीटर साडेसात सेकंदांत, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. बटण दाबताना ०.२ सेकंद कमी नोंदले गेले, तर आकडा १२३. पण हेच मोजमाप फक्त १०० मीटरचं असेल, तर तीच चूक १२९च्या आसपास नेते. टप्पा जितका लांब, तितका आकडा भरवशाचा.

आता चालत्या गाडीतलं रडार. समोरून येणाऱ्याचा वेग काढताना ते दोघांच्या एकत्रित वेगातून स्वतःचा वेग वजा करतं. गाडी ९०, तुम्ही ११०, एकूण २००. स्वतःचा वेग मात्र ते रस्त्यावरून परतलेल्या लहरींवरून ओळखतं. पुढे ७०ने मोठा ट्रक चालला असेल आणि रडारने त्यालाच रस्ता समजलं, तर स्वतःचा वेग भरला ९० वजा ७०, म्हणजे २०. तुमच्या नावावर थेट १८०! म्हणूनच यंत्रातला स्वतःचा वेग स्पीडोमीटरशी जुळतो का, हे पोलिसाने बघायचं असतं. बऱ्याच नव्या यंत्रांना तो गाडीच्या सेन्सरकडूनच मिळतो.

गाडी कडेला उभी असेल, तर गणित सोपं. रडार रस्त्याशी २० अंशांचा कोन करत असेल, तर १००चे ९४ दिसतात. कोन वाढला की आकडा घटतो, त्यामुळे ‘तिरकं मोजलं, म्हणून जास्त आलं’ हा बचाव टिकत नाही. ‘ती दुसरीच गाडी होती’ या बचावात मात्र कधीकधी दम असतो. १२ अंशांचा रडार झोत ३०० मीटरवर ६३ मीटर रुंद होतो, त्यात चार गाड्या सहज मावतात. लेझर गनचा झोत तिथे साधारण मीटरभराचाच.

आणि तुमचा स्वतःचा मीटर? संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ प्रमाणे तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही. जास्त दाखवायला मुभा आहे, दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. खरा वेग १०० असताना मीटरवर ११४ चालतात. त्यामुळे नोटिशीत ११८ असतील आणि तुम्हाला तुमच्या मीटरवर ११० आठवत असतील, तर भांडण करण्याआधी मोजमापाचं अंतर, वेळ, सुरुवातीला आणि शेवटी दोन गाड्यांत किती अंतर होतं ते आणि कॅलिब्रेशनची तारीख मागा.

साध्या गाडीने थांबायचा इशारा दिला आणि पोलीस खरे की तोतया अशी शंका आली, तर पळू नका. हझार्ड लावा, वेग कमी करा, उजेड आणि माणसं असतील तिथे थांबा. दारं बंद ठेवा, काच बोटभर खाली करा, ओळखपत्र मागा. शंका फिटली नाही, तर आपत्कालीन नंबरवर त्या गाडीचा नंबर सांगून खात्री करून घ्या.