तक्त्यात नसलेला आकडा

(ओहायो राज्यातलं एक स्वयंपाकघर. टेबलावर बिलांची पाकिटं, चष्मा, फोन.)

फोनवरचं हे अर्धवर्तुळ बघा. डावीकडे लाल, उजवीकडे गर्द हिरवं, आणि काटा थेट उजव्या टोकाला टेकलेला. ८५०. अमेरिकेतला क्रेडिट स्कोअर, म्हणजे माणूस उधारी किती नेमाने फेडतो याचा आकडा, ३०० पासून सुरू होतो आणि इथे येऊन थांबतो.

हा फोन ज्यांचा आहे त्या बाईंनी तीस वर्षं टपाल खात्यात पत्रं वाटली. चेहरा आणि नाव नको म्हणाल्या. आकडा मात्र आपणहून दाखवला, दोनदा. स्कोअर असलेल्या दर शंभर अमेरिकी माणसांत दोघांच्याही वाट्याला तो येत नाही.

(हात पाकिटं तारखेप्रमाणे लावतात.)

त्यांच्याकडे पाच क्रेडिट कार्डं आहेत. बिल वेळेवर भरलं की झालं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. बिल ज्या दिवशी तयार होतं, त्या दिवशीची बाकी सहसा इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या तीन कंपन्यांकडे जाते. पुढे तुम्ही पैन् पै चुकती केलीत तरी त्या महिन्यापुरतं कागदावर कर्ज दिसतंच. म्हणून बाई बिल तयार व्हायच्या दोन दिवस आधी टेबलाशी बसतात. चार कार्डं कोरी करतात. पाचव्यावर थोडे डॉलर मुद्दाम ठेवतात, कारण पाचही कोरी दिसली तर कार्ड वापरातच नाही असं धरलं जातं आणि आकडा किंचित उतरतो. बिल आलं की तेही भरून टाकतात.

उधारीची सवय मोजणाऱ्या यंत्राला खूश ठेवायला उधारी नको असलेल्या बाईंनी दर महिन्याला थोडी उधारी मांडून ठेवायची. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की आम्ही पुन्हा विचारलं.

(खण उघडतो. पिवळट पाकिटात एक कार्ड.)

हे त्यांचं सर्वांत जुनं खातं. स्कोअरमध्ये वेळेवर फेडीला साधारण ३५ टक्के वजन, अंगावर किती कर्ज दिसतं त्याला ३०. मग खात्यांच्या वयाला १५, नव्याने काढलेल्या कर्जाला १० आणि कर्जांच्या प्रकारांना १०. पहिल्या दोन गोष्टी माणसाच्या हातात आहेत. वय कुणाच्याच हातात नाही. पंचविशीतल्या पोराने कितीही काटेकोरपणा केला तरी वीस वर्षं जुनं खातं तो आणणार कुठून? आणि एक हप्ता महिनाभर चुकला की ती नोंद सात वर्षं फाइलमध्ये राहते. ८५० गाठणं शक्य आहे, पण त्यात कर्तबगारीइतकाच कॅलेंडरचा वाटा आहे.

(हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयातल्या जाड वह्या. झरझर अक्षर.)

माणसाची पत कागदावर उतरवायचा धंदा मात्र स्कोअरहून खूप जुना. न्यूयॉर्कचा रेशमाचा व्यापारी लुइस टॅपन १८३७ च्या मंदीत बुडाला. उधारीवर माल नेलेल्यांकडून वसुली होईना. १८४१ मध्ये त्याने मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावचे वकील तिला व्यापाऱ्यांची माहिती कळवायचे. त्या वार्ताहरांत अब्राहम लिंकनही होते. माणूस पितो का, बायकोच्या नावावर काय आहे, शेजारीपाजारी काय बोलतात, सगळं या वह्यांत आहे. अशा अडीच हजारांहून जास्त वह्या इथे जपल्या आहेत. शाई अजून फिकी झालेली नाही.

(अटलांटा. जुन्या दुकानाचे फोटो.)

१८९९ मध्ये अटलांटाच्या वुलफर्ड बंधूंनी हीच युक्ती साध्या गिऱ्हाइकांना लावली. कोण उधारी वेळेवर फेडतं, कोण बुडवतं, याची यादी करून ती दुकानदारांना विकायची. त्यांची रिटेल क्रेडिट कंपनी फुगत गेली आणि तिच्या फायलींत लोकांची खासगी चालचलणूकही भरत गेली. ज्याची फाइल, त्यालाच ती बघायची सोय नव्हती. गवगवा झाला, संसदेत सुनावण्या झाल्या आणि १९७० च्या कायद्याने आपली फाइल मागून पाहण्याचा हक्क लोकांना मिळाला. पाच वर्षांनी कंपनीने नाव बदललं. आजची इक्विफॅक्स ती हीच.

(सॅन राफेल, कॅलिफोर्निया. सकाळचं धुकं. मग भोकं पाडलेली कार्डं वाचणारं जुनं यंत्र.)

आकडा इथून आला. अभियंता बिल फेअर आणि गणिती अर्ल आयझॅक. १९५६ मध्ये दोघांनी चारचारशे डॉलर घालून कंपनी काढली. कर्ज देणारा अधिकारी समोरच्या माणसाकडे बघून अंदाज बांधतो. त्याऐवजी जुन्या कर्जदारांच्या नोंदींतूनच हिशेब मांडावा, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी पन्नास कंपन्यांना पत्रं पाठवली. उत्तर एकीकडून आलं. तेवढ्यावर सुरुवात झाली.

यंत्राचा आवाज आम्ही मुद्दाम ठेवला आहे. कार्ड आत जातं, भोकं वाचली जातात, बाहेर पडतं. यंत्र तुमचा कोट बघत नाही, रंग बघत नाही, हे तेव्हाचं मोठं आश्वासन होतं आणि ते अगदीच पोकळ नव्हतं. याच कंपनीचा, आज घराघरांत ठाऊक असलेला फिको स्कोअर मात्र १९८९ चा. १९९५ मध्ये गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन बड्या संस्थांनी तो वापरायची शिफारस केली आणि मग कुणी मागे वळून पाहिलं नाही.

त्या आकड्याला विचारलेला प्रश्न एकच: हा माणूस पुढच्या दोन वर्षांत कुठलं तरी कर्ज तीन महिने किंवा जास्त थकवेल का? माणूस श्रीमंत आहे का, हा प्रश्न त्यात नाही. पगार किती, शिल्लक किती, हेही नाही.

(गृहकर्ज दलालाचं कार्यालय. टेबलावर छापील तक्ता. बोट वरच्या ओळीवर.)

आता हा कागद नीट बघा. फॅनी मेचा हा तक्ता कुणालाही मिळतो. डावीकडे स्कोअरचे टप्पे, वर कर्ज घराच्या किमतीच्या किती टक्के आहे ते. जिथे दोन्ही मिळतात तिथला आकडा म्हणजे त्या कर्जावरचा वाढीव आकार. सगळ्यात खालची ओळ, ६३९ आणि त्याखाली. मग ६४०, ६६०, ६८०, असं वीसवीसने वर. ७४०. ७६०. आणि सगळ्यात वरची ओळ: ७८० किंवा अधिक.

कॅमेरा आणखी वर नेला. वर मथळा आहे, मथळ्यावर कोरा कागद. २०२३ पर्यंत तर ७४० लाच हा तक्ता संपत होता.

पलीकडच्या खुर्चीतल्या दलालाने आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकून बाईंनी चष्मा काढला. गृहकर्जासाठी तिन्ही कंपन्यांकडून स्कोअर मागवतात आणि मधला धरतात. शिवाय त्यासाठी इतकी वर्षं फिकोच्या जुन्या आवृत्त्या वापरल्या गेल्या. त्यांची कमाल कुठे ८१८, कुठे ८३९, कुठे ८४४. म्हणजे फोनवर ८५० मिरवणाऱ्या माणसाला बँकेच्या पडद्यावर ८५० मिळणं शक्यच नव्हतं.

(फोनचा पडदा. त्याच अर्धवर्तुळाखाली नव्या कार्डाची जाहिरात.)

आकडा फुकट दाखवणाऱ्यांचं पोट कशावर भरतं, तेही याच पडद्यावर आहे.

तळाशी असलेल्यांना व्याज जास्त पडतं, बऱ्याच राज्यांत गाडीचा विमाही महाग पडतो, भाड्याचं घर मिळताना अडतं. सहाशेवरून साडेसातशेवर जाण्याने आयुष्यात फरक पडतो. तिथे घाम गाळावा.

(पुन्हा स्वयंपाकघर. बँकेचं पत्र, कोपऱ्यात शिक्का.)

हे पत्र गेल्या वसंतातलं. घराचं कर्ज फिटलं. शेवटचा हप्ता भरला आणि पुढच्या महिन्यात स्कोअर खाली आला. फेडलेलं कर्ज चालू खात्यांतून वजा झालं, कर्जांचा एक प्रकार कमी झाला, एवढंच. घर संपूर्ण त्यांचं झालं आणि काटा मागे सरकला. परत टोकाला यायला सात महिने लागले. ते सात महिने बाईंनी वहीत लिहून ठेवले आहेत. पानं आम्ही दाखवतो आहोत, वाचून दाखवत नाही.

(पेट्रोल पंप. संध्याकाळ. खणातलं ते जुनं कार्ड.)

फार दिवस न वापरलेलं खातं कंपनी बंद करू शकते. म्हणून दर तीन महिन्यांनी हे कार्ड पाकिटातून बाहेर निघतं. आजचा दिवस त्याचा.

नळी लावली. मीटर तीन डॉलरला थांबलं.

टाकी काल भरली होती.